दोन हजार नऊशे नव्वदच्या पुढे

चि. मुक्ता,

तिसरीच्या मुलांकडून मोठ्या संख्यांची टप्प्याने मोजणी कशी करून घ्यावी, असं तू विचारलंस. मुलं 'दोनशे, चारशे, सहाशे' खणखणीत म्हणतात, पण तेवढ्यावरून त्यांना मोठ्या संख्या कळल्या असं मानू नकोस. तो बेचाच पाढा आहे, मागे 'शे' लावलेला. शून्यापासून निघायचं आणि पूर्ण शतकांवरच थांबायचं ठरवलं की मूल कुठे अडत नाही, आणि जिथे ते अडत नाही तिथे स्थानिक किंमतही शिकत नाही. त्यापेक्षा फळ्यावर २,९६० लिही आणि दहा-दहाने पुढे जायला सांग. २,९७०, २,९८०, २,९९० इथपर्यंत वर्ग एका सुरात येईल. मग काही मुलं गप्प होतील आणि एखादं 'दोन हजार दहाशे' म्हणेल. माझ्या मते ही मोजणी शिकवायची ती याच जागेसाठी.

'दहाशे' ऐकून लगेच 'चूक' म्हणू नकोस. आपण घरीदारी बाराशे, पंधराशे रुपये सर्रास म्हणतो. त्या मुलाने तोच नियम चालवला आहे आणि दहा शतकं झाली हे त्याला बरोबर उमगलं आहे. त्या दहा शतकांचा एक हजार होतो आणि तो आधीच्या दोन हजारांत मिळतो, एवढंच राहिलं आहे. हे तोंडाने सांगून भागणार नाही. त्याच्या हातात हजाराच्या दोन, शंभराच्या नऊ आणि दहाच्या नऊ नोटा दे (हजाराची नोट चलनात नाही, ती कागदाची करावी लागेल) आणि दहाची आणखी एक त्यात घालायला सांग. दहाच्या दहा झाल्या, त्या देऊन शंभराची एक घेतली. आता शंभराच्या दहा झाल्या, त्या देऊन हजाराची एक. एका दहाच्या नोटेमुळे लागोपाठ दोन बदल झाले. बेरजेत आपण ज्याला हातचा म्हणतो तो हाच, फक्त इथे तो डोळ्यांदेखत घडतो.

मराठीत शिकणाऱ्या मुलांना या कामाची गरज जास्तच आहे, कारण आपल्या संख्यानावांत टप्पा ऐकू येत नाही. ४,८७९ पासून दहा-दहाने मोजून बघ: चार हजार आठशे एकोणऐंशी, एकोणनव्वद, नव्याण्णव, मग चार हजार नऊशे नऊ. एककाच्या घरातला ९ हललेला नाही, पण कानाला तो 'एकोण', 'नव्या' आणि 'नऊ' असा वेगवेगळा भेटतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा खूप गदारोळ झाला, बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकरांवर टीकाही झाली. नावं बदलावीत की नाही यावर मतभेद असोत, त्यामागची अडचण मात्र खरी होती. म्हणून नुसतं म्हणवून घेऊ नकोस. प्रत्येक संख्या घरं जुळवून एकाखाली एक लिहून घे आणि कोणतं घर बदललं, कोणतं तसंच राहिलं, हे मुलांनाच विचार.

आधी पाढे पक्के होऊ देत, असं कुणी म्हणेल. पाढे हवेतच, पण ते शून्यापासून निघतात आणि ठेक्यावर पाठ होतात. मधूनच सुरुवात करून शतक ओलांडणं त्यांत येत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाच्या उद्दिष्टात संख्यांबाबत तिसरीअखेर ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात एवढंच आहे, मग हा खटाटोप कशाला? पण 'तीन हजार पाच' ऐकून ३०००५ लिहिणारी मुलं लेखनातच अडलेली असतात. जे मूल २,९८५, २,९९५ असं येत ३,००५ वर पोचतं, त्याला शतक आणि दशकाची घरं रिकामी झालेली दिसतात. रोज गणिताच्या तासाला पहिली पाच मिनिटं पुरतील, मात्र सुरुवातीची संख्या रोज वेगळी दे.

पुढे जाणं जमलं की उलटं मोजून घे. ३,०२० वरून दहा-दहाने मागे येताना ३,००० नंतर बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण तिथे हजार सुटा करावा लागतो. तिथे मुलं काय काय म्हणतात ते जसंच्या तसं लिहून मला कळव.

तुझी,
मावशी