टाक्यातून वीज नेताना

विक्रोळीच्या गाळ्यात आम्ही रात्रपाळीच्या कामगारांसाठी दिवे शिवलेली जॅकेटे बनवतो. एक नमुना कोणीही छान करतो. सारख्या नगांचा लॉट काढताना धंदा कळतो.

१. दोऱ्याला तार समजू नका. स्टीलच्या वाहक दोऱ्याचा रोध मीटरला ३० ओहम असेल आणि दिव्याला २० मिलिअँपिअर लागत असतील, तर मीटरमागे ०.६ व्होल्ट वाटेतच जातात. शेवटचा दिवा मंदावतो. दिवे बॅटरीजवळ घ्या, लांबच्या वाटेला दोऱ्याचे पदर वाढवा.

२. वाहक दोरा बॉबिनमध्ये भरा. सुईच्या नेढ्यातून घासून तो पिंजतो. सुटलेला एक तंतू शेजारच्या टाक्याला टेकला, की शॉर्ट सर्किट.

३. सांधा जपा. चांदीचा मुलामा दिलेल्या दोऱ्यातलं नायलॉन साधारण २२० ते २६० अंशांना वितळतं. सोल्डरिंगचं टोक ३०० च्या पुढे असतं. तिथे टिचबटणच बरं. मऊ कापड सर्किटच्या कडक पाटीला भेटतं, त्या कडेवरच सगळा वाक येतो आणि दोरा तुटतो. त्या कडेखाली कापडाची जादा पट्टी शिवा.

४. धुऊन पाहिल्याशिवाय माल देऊ नका. घामाने चांदी काळवंडते, ब्लीचने मुलामा खराब होतो. बॅटरी आणि पाटी काढता आलीच पाहिजे. कापडाच्या चाचण्यांसाठी लांब जायला नको: घाटकोपरला बीटीआरए ही वस्त्रसंशोधन संस्था आहे, वरळीला तशीच सस्मिरा.

५. प्रत्येक रीळ मोजा. कापड मंगळदास मार्केटात मिळतं, सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर. वाहक दोरा मात्र थोडाथोडा, महाग आणि दर खेपेला वेगळ्या रोधाचा येतो. मल्टिमीटर लावल्याशिवाय रीळ यंत्रावर चढवू नका.

६. मजुरीत तपासणीचा वेळ धरा. नगावर पैसे दिले की हात घाई करतो, आणि इथे एक सैल टाका म्हणजे एक बंद दिवा. आमचे शिलाई मास्तर आता प्रत्येक शिवण स्वतः मीटर लावून तपासतात. परत येणारा माल त्यामुळेच घटला.

सर्किटचा आराखडा कागदावर उतरवण्याआधी मास्तरांना शेजारी बसवा. कापड कुठे ताणतं, कुठे दुमडतं, हे त्यांना तुमच्याआधी ठाऊक असतं.