जलाशय आणि भूकंप

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, लोक साखरझोपेत असताना, सातारा जिल्ह्यातील कोयनानगर हादरले. ६.३ तीव्रतेच्या या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दख्खनचा खडक स्थिर आहे, हा तोवरचा समज ढासळला. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण भिंत उभी राहिली.

१९६२ पासून धरणामागील शिवाजीसागर जलाशय भरू लागला आणि परिसरात लहान धक्के वाढले होते. मग धरणानेच भूकंप घडविला काय? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील डॉ. हर्ष गुप्ता यांनी या प्रश्नाचा अनेक दशके मागोवा घेतला. आफ्रिकेतील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता या जलाशयांशीही कोयनेची तुलना झाली. पाणी किती वेगाने चढते, कोणती पातळी गाठते आणि त्या पातळीवर किती काळ टिकते, यांचा धक्क्यांशी संबंध आढळला.

खडकातील ज्या भेगेवरून दोन्ही बाजू सरकतात, तिला भ्रंश म्हणतात. घर्षणामुळे या बाजू एकमेकींना जखडलेल्या असतात आणि तेथे ताण साठत जातो. जलाशयाचे पाणी खोल झिरपले की भेगांतील दाब वाढतो, घर्षण अपुरे पडते आणि खडक सरकतो. काठोकाठ भरलेली घागर एका थेंबाने सांडावी, तसेच हे आहे. ताण निसर्गाचा असतो. पाणी केवळ निमित्त ठरते.

मात्र धरणाजवळचा प्रत्येक भूकंप पाण्यामुळेच होतो, असे नाही. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळच नर्मदेवर बर्गी धरण आहे. परंतु या भूकंपाचे केंद्र सुमारे ३५ किलोमीटर खोल होते. कोयनेचे बहुतेक धक्के दहा किलोमीटरच्या आतले असतात. म्हणून शास्त्रज्ञ जबलपूरच्या भूकंपाचा संबंध प्राचीन नर्मदा-सोन भ्रंशपट्ट्याशी जोडतात.

भ्रंशाच्या अधिक जवळ जाऊन निरीक्षण करता यावे, यासाठी २०१७ मध्ये कोयना परिसरातील गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खोदून पूर्ण झाले. तरीही भूकंपाचा नेमका दिवस आणि वेळ आज कोणालाही सांगता येत नाही. म्हणून जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधील घर असो वा कोयनाखोऱ्यातील, ते भूकंपरोधक बांधणे हाच खरा उपाय होय. धरणातून वीज मिळते, शेती भिजते. ते नाकारणे नव्हे, तर त्याचे परिणाम जाणून जगणे, हेच शहाणपण.

पाठगत प्रश्न
१. भ्रंश म्हणजे काय?
२. 'पाणी केवळ निमित्त ठरते' या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
३. कोयना आणि जबलपूर येथील भूकंपांतील फरक लिहा.