बनारस फोटो देते, शिकवत नाही

हौशी फोटोग्राफरला बनारस बिघडवते. भगव्या छाट्या, नावा, दिवे, पायऱ्यांवरची गर्दी. कॅमेरा कुठेही रोखा, काहीतरी देखणे हाती लागतेच. पहिल्या खेपेचे फोटो मी घरच्या मोठ्या पडद्यावर पाहिले, तेव्हा सुंदर होते ते बनारस. माझे त्यात फार थोडे होते. पुढच्या खेपांत मी विषयांचा नाद सोडून उजेडामागे लागलो. त्यातून जमलेले हे चार शब्द.

इथे गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट पश्चिम काठावर, पूर्वाभिमुख. सकाळचे कोवळे ऊन सरळ पायऱ्यांवर पडते. नावेतले बहुतेक प्रवासी त्या वेळी उगवत्या सूर्याचे फोटो काढत असतात. तुम्ही सूर्याकडे पाठ करा. भोसले घाट, अहल्याबाई घाट, शिंदे घाट हे आपल्या ओळखीचे दगड तेव्हाच खुलतात. दुपार कलली की मागच्या इमारतींची सावली त्यांच्यावर येते. हलत्या नावेत ट्रायपॉडचा उपयोग नाही. शटर किमान १/२५० ठेवा, त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तरी चालेल.

दशाश्वमेधावरच्या संध्याकाळच्या आरतीत नवखे हमखास फसतात. मागचा अंधार पाहून कॅमेरा चित्र उजळवतो आणि ज्योतींचे पांढरे डाग होतात. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप खाली घ्या, फोटो रॉ मध्ये काढा आणि दिवा पुजाऱ्याच्या चेहऱ्याजवळ येईल त्या क्षणाची वाट पाहा. थंडीतल्या धुक्यात नेमके उलटे होते: पांढरेपणाला बिचकून कॅमेरा चित्र काळवंडवतो, तिथे एक स्टॉप वर जा. गारठ्यातून उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सवर दव धरते.

शिंदे घाटाजवळचे रत्नेश्वर महादेवाचे देऊळ खरोखरच कललेले आहे. ते सरळ करायला गेलात तर बाकीचा घाट वाकडा होईल. कॅमेऱ्यातली लेव्हलची रेघ चालू ठेवा आणि शेजारच्या इमारतींचे कोपरे उभे येतात ना, एवढे पाहा.

गल्ल्यांत उजेड फक्त वरून, भिंतींवर आपटत झिरपतो. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसी घराचा चौक स्टुडिओत उभारला होता. तिथे हा उजेड आणायला छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत खालून त्याच्यावर टाकला. त्यांना जो उजेड घडवावा लागला, तो गल्लीत आयता आहे. फ्लॅश बंद ठेवा. ज्याचा फोटो काढायचा त्याची संमती घेऊन त्याला उंबरठ्याशी, आकाशाकडे तोंड करून बसू द्या.

मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर कॅमेरा बंद. ‘लाकडासाठी दान द्या, मग काढा’ असे सांगणारे भेटतात. ज्यांच्या घरचे माणूस चितेवर आहे त्यांची संमती त्या पैशाने मिळत नाही. नमस्कार करून पुढे चालू लागा. विश्वनाथाच्या दर्शनाला जाताना कॅमेरा आणि मोबाईल मुक्कामीच ठेवा, आत नेता येत नाहीत. साधूने पोझ दिली तर पैशांचे आधी बोलून घ्या, पुढची वादावादी टळते.

शिकायचेच असेल तर एकच लेन्स न्या, एकच घाट निवडा आणि तिथेच पहाटे, दुपारी, संध्याकाळी बसा. परतल्यावर घाट, आरती, साधू असलेले सगळे फोटो बाजूला काढा. उरलेल्यांतले दहा मित्राला दाखवा, गावाचे नाव सांगू नका. ज्या फोटोवर तो थांबेल, तो तुम्ही काढलेला, बाकीचे बनारसचे.