रंगपटातला माणूस

नाटक रात्री साडेनऊला. पण एक माणूस सहा वाजताच मांडवात हजर असतो. त्याच्याजवळ पत्र्याची पेटी असते. पेटीत रंगाच्या डब्या, कुंचले, कापूस, खोटे केस, डिंक आणि खोबरेल तेलाची बाटली. हा नट नव्हे. हा कधी लोकांपुढे येत नाही. तुम्ही पुष्कळ नाटके पाहिली असतील, पण याला पाहिले नसेल. हा नटांचे चेहरे रंगवतो. पुस्तकात याला रंगभूषाकार म्हणतात. मंडळीतले लोक नुसते मेकपवाला म्हणतात. तो बसतो त्या खोलीला रंगपट म्हणतात.

चला, आज आपण गोव्यातल्या कोकणी नाटकाच्या रंगपटात जाऊ.

गोव्यात नाटकाचे वेड मोठे. देवळाच्या जत्रेला नाटक, चर्चच्या फेस्ताला नाटक. ख्रिस्ती मंडळींत जे कोकणी नाटक चालते त्याला तियात्र म्हणतात. पण तियात्राचा जन्म गोव्यात झाला नाही. तो झाला मुंबईत. पोटासाठी मुंबईला गेलेल्या गोवेकरांनी ते उभे केले. त्यांच्यात लुकाझिन रिबेरो नावाचा एक तरुण होता. मुंबईत इटलीची एक संगीत नाटक कंपनी आली होती. तिच्यात त्याने काम धरले. पुढे त्याने त्या कंपनीचे काही पोशाख विकत घेतले. मग जोडीदार जमवले आणि १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या दिवशी, ‘इटालियन भुरगो’ हा खेळ केला. भुरगो म्हणजे मुलगा. हे पहिले तियात्र. म्हणजे बघा, आधी पोशाख आले आणि मागून नाटक आले!

त्या काळी बायकांची कामे पुरुषच करीत. रिबेरोच्या जोडीदारांत जुवांव आगुस्तीन फेर्नांडिस होते. त्यांना लोक पुढे तियात्राचे बाप म्हणू लागले. त्यांची पत्नी रेजिना १९०४ साली स्वतः रंगमंचावर उभी राहिली. तिच्याआधी तियात्रात बाई उभी राहिली नव्हती. तोवर मिशा असलेल्या बाप्याची बाई करायची, हे रंगवणाऱ्याचे काम. आणि ते सोपे नाही. दाढी कितीही घोटली तरी हनुवटीवर निळसर छाया राहते. तिच्यावर नुसता गोरा रंग लावला तर ती राखेसारखी दिसते. म्हणून आधी तांबूस रंगाचा पातळ हात द्यायचा, मग वरून अंगाचा रंग. मग छाया झाकते.

आता मेकपवाल्याचे काम जवळून पाहू. तरुण नट खुर्चीवर बसतो. त्याला साठ वर्षांचा बाप व्हायचे आहे. मेकपवाला लगेच कुंचला उचलत नाही. तो म्हणतो, “कपाळाला आठ्या घाल बघू. आता हस.” नट हसतो. आठ्या कुठे पडतात, गालाला घडी कुठे पडते, हे मेकपवाला पाहून ठेवतो. तिथेच तो तपकिरी रेघ ओढतो. तिच्या शेजारी फिकी रेघ ओढतो आणि बोटाने दोन्ही जिरवतो. रेघ स्वतःच्या मनाने ओढली तर नट बोलू लागताच चेहरा एकीकडे आणि सुरकुती दुसरीकडे! मग पावडर, मग केसांना पांढरा रंग. मिशी शेवटी. ती राळ आणि स्पिरिटच्या डिंकाने चिकटवतात. गोव्याची हवा दमट, घाम फार येतो. म्हणून रंग लावण्याआधी तोंडावर बर्फ फिरवतात.

नट म्हणतो, “काका, मला थोडं गोरं करा ना.”

“तू शेतकरी ना? दिवसभर उन्हात असतोस. गोरा कसा होशील?”

जुन्या नाटकांत राजा, रंक, शेतकरी सगळेच पिठात घोळल्यासारखे पांढरे असत. आम्हाला विचाराल तर ती खोड वाईट होती. काका म्हणतो तेच खरे.

तियात्रात आणखी एक अडचण असते. प्रवेश संपला की पडदा पडतो आणि पडद्यापुढे गाणी होतात. त्यांना कांतारे म्हणतात. प्रेक्षक गाणे ऐकत असतात, आणि आत मेकपवाल्याची धांदल चालू असते. मघाचा तरुण दोन कांताराच्या आत म्हातारा झाला पाहिजे. घड्याळ पाहायला वेळ नसतो. कान गाण्याकडे, हात चेहऱ्यावर. गाणे शेवटच्या कडव्यावर आले की मिशी चिकटलीच पाहिजे.

दिव्यांचेही पाहावे लागते. पूर्वी खेड्यात ग्यासबत्त्या असत. अंधुक उजेडात रंग जाड लावावा लागे. आता विजेचे झगझगीत दिवे आले. त्यांत तोच जाड रंग मुखवट्यासारखा दिसतो. तांबड्या दिव्यात ओठांची लाली नाहीशी होते. हिरव्या दिव्यात तीच लाली काळी दिसते. म्हणून शहाणा मेकपवाला आधी दिवेवाल्याला विचारतो, “कुठल्या प्रवेशाला कुठला रंग टाकणार?”

आता रंगांविषयी. हे नीट वाचा.

जुन्या मंडळ्यांत सफेदा, पिवडी, हिंगूळ, शेंदूर, मुर्दाडशिंग असे सुटे रंग तेलात खलून तोंडाला लावीत. पिवडी म्हणजे माती. पण हिंगुळात पारा असतो. शेंदूर आणि मुर्दाडशिंग शिशापासून होतात. सफेदा दोन तऱ्हेचा असतो, एक जस्ताचा आणि एक शिशाचा. शिसे हे विष आहे. ते एकदम मारीत नाही. ओठांवरून, रंगाच्या हाताने खाल्लेल्या भज्यांतून, उडालेल्या भुकटीतून ते थोडे थोडे पोटात जाते आणि अंगात साठते. पोटात कळा येतात, शौचाला होत नाही, रक्त कमी होते. फार साठले तर मनगट लुळे पडते. आणि लुळ्या मनगटाने कुंचला कसा धरणार? नटाचा चेहरा खेळापुरता रंगतो. मेकपवाल्याचे हात जन्मभर त्यातच असतात.

दोन्ही सफेदे दिसायला सारखेच पांढरे. नुसत्या डोळ्यांनी त्यांतला फरक ओळखता येत नाही. तो कळतो डबीवरच्या नावावरून. ज्याला वाचता येत नसे तो दुकानदार देईल ती पुडी घेई. आता तयार रंगाच्या नळ्या आणि वड्या मिळतात. तरीही जत्रेतला सुटा शेंदूर कोणी स्वस्त म्हणून देऊ लागला तर घेऊ नका. डबीवर ‘झिंक’ लिहिले असेल तर ते जस्त. ‘लेड’ असेल तर ते शिसे. काहीच लिहिले नसेल तर डबी परत करा.

पावसाळ्यात मांडव पडत नाहीत. मग या माणसाला दुसरा धंदा धरावा लागतो. कोणी पाट्या रंगवतो, कोणी शेतीला लागतो. कोणी चित्रशाळेत चतुर्थीच्या गणपतीचे डोळे आखतो. तिथे हाताखालचा चेहरा हलत नाही, एवढेच सुख.

खेळ संपतो. मध्यरात्र उलटलेली असते. नट खोबरेल तेलाने तोंड पुसतात, मग साबण लावतात. बाहेर लोक बोलत जातात, “तो म्हातारा अगदी माझ्या आजोबांसारखा!” आत मेकपवाला एकेक डबी बंद करतो, कुंचले पुसतो, मिशा कागदात गुंडाळतो. कोणीतरी चहा आणून ठेवतो. तो आधी विहिरीवर जातो, दोनदा साबण लावून कोपरापर्यंत हात धुतो, नखे घासतो आणि मग कप उचलतो.