खडक बदलला की पाण्याचा हिशेब बदलतो

भूजलाच्या प्रवाहाचे गणिती प्रतिमान मांडताना प्रथम खडकाची जात पाहावी लागते. चुनखडीचा दगड पाण्यात विरघळून भुयारे पडतात आणि दूषित पाणी थोड्याच दिवसांत दूरच्या झऱ्यात उतरू शकते. लातूरच्या काळ्या पाषाणात पाणी केवळ भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. शेजारच्या दोन विहिरींचेही नशीब वेगळे! याच लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

नांदेडच्या किनवट, देगलूर भागांत ग्रॅनाइट उघडा पडतो. त्यातील खनिजांतून फ्लोराइड सावकाश पाण्यात उतरते. पाणी खडकात जितके मुरते, तितके त्याचे प्रमाण वाढते. म्हणून खोल विंधन विहिरींत धोका अधिक. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅम स्वीकार्य. दुसरा उद्भव नसल्यास 1.5 पर्यंत. त्यापुढे मुलांच्या दातांवर डाग पडतात, कालांतराने हाडेही ताठरतात. रंग, चव वा वास यांवरून फ्लोराइड ओळखता येत नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात दाट होते.

जुन्या उथळ विहिरीचा तपासणी दाखला नव्या विंधन विहिरीस लावण्याची सोय ग्रामपंचायतींनी टाळावी. प्रत्येक उद्भवाचा नमुना उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर स्वतंत्रपणे प्रयोगशाळेत पाठवावा. प्रतिमानालाही हेच आकडे लागतात.