दरवाजा बंद झाल्यावर
पाठ : प्रेषितांचीं कृत्यें 18:1-4

अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांस रोम शहर सोडावें लागलें, तें स्वतःच्या दोषामुळें नव्हे. क्लौद्य बादशहाचा यहूद्यांविषयीं तसा हुकूमच सुटला होता. तरी करिंथास येऊन त्यांनीं तंबू करण्याचा धंदा पुन्हां मांडला, आणि पौलही त्यांच्याबरोबर कामास बसला.

कल्याणजवळ मोहने येथें नॅशनल रेयॉनचा कारखाना होता. सन 2009 मध्यें तो बंद पडला व हजारो कामगारांची भाकर गेली. अशा बंधूच्या आपत्तीस मंडळींत कोणी त्याच्या पापाचें फळ म्हणूं नये. थकलेलें वेतन मागणें न्यायाचेंच आहे. याकोब 5:4 वाचा.

परंतु निकाल लागेपर्यंत बंद दरवाजाशीं बसून राहावें काय? देणें फेडण्याचा भार मालकावर आहे. उद्यांची चूल मात्र आपणांवर. यंत्र जोडणाऱ्या हातांस विहिरीवरचा पंप दुरुस्त करतां येतो. पण "मी कारखान्याचा माणूस" हा अभिमान सोडणें कित्येकांस भुकेहून जड जातें!

उपदेशकांनो, अशा घरीं नुसती प्रार्थना करून उठूं नका. त्या बंधूस काय काम येतें तें विचारा, आणि ज्याच्याकडे तें काम असेल त्याच्या दारीं त्याला स्वतः घेऊन जा.