असीमा चटर्जी : वनौषधींच्या संशोधिका

रसायनशास्त्र म्हटले की आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या आणि उग्र वास एवढेच उभे राहते. हा विषय आपला नव्हे, अशी आपण समजूत करून घेतो. परंतु सातवीण, सर्पगंधा, काडेचिराईत, कुटकी, सागरगोटा ही नावे आपल्यापैकी कोणाला परकी आहेत? या वनस्पतींच्या अंगी नेमके काय आहे, या प्रश्नासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. असीमा चटर्जी यांचा हा अल्प परिचय.

त्यांचा जन्म २३ सप्टेंबर १९१७ रोजी कलकत्त्यात झाला. वडील इंद्रनारायण मुखर्जी डॉक्टर होते व त्यांना वनस्पतींची आवड होती. १९३६ साली स्कॉटिश चर्च कॉलेजातून रसायनशास्त्राची पदवी आणि १९३८ साली एम्. एस्सी. घेऊन असीमाबाई १९४० मध्ये लेडी ब्रेबोर्न कॉलेजात गेल्या व तेथील रसायन विभाग त्यांनी उभा केला. १९४४ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. दिली. १९४७ नंतर तान्ह्या मुलीला बरोबर घेऊन त्या अमेरिकेस गेल्या आणि पुढे झुरिचला नोबेल पारितोषिक विजेते पॉल कारर यांच्याकडे त्यांनी काम केले. १९५४ पासून त्या कलकत्ता विद्यापीठात होत्या. १९६२ ते १९८२ या काळात त्यांनी तेथील खैरा प्राध्यापकपद भूषविले.

त्यांचे काम मुख्यतः अल्कलॉइड या द्रव्यांवर होते. त्यांच्या रेणूत नायट्रोजन असतो आणि ती आम्लात विरघळतात. म्हणून साल वा मुळी वाळवून, कुटून मद्यार्कात भिजवतात; अर्क आटवून त्यात आम्ल घालतात; आणि मग अल्कली घातली की द्रव्य वेगळे होते. ते शुद्ध करून त्याच्या रेणूची रचना ठरवणे हे खरे कष्टाचे काम! त्या काळी आपल्याकडे साधने अपुरी, त्यामुळे पृथक्करणासाठी नमुने परदेशी पाठवावे लागत. तरीही त्या थांबल्या नाहीत. १९६१ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १९७५ साली पद्मभूषण आणि त्याच वर्षी भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या पदावरीलही त्या पहिल्याच महिला होत. २२ नोव्हेंबर २००६ रोजी त्यांचे निधन झाले.

येथे मला एक प्रश्न पडतो. आमच्या घरी तापावर काडेचिराइताचा काढा देतात. घरात त्यावर पूर्ण विश्वास, तर शिकलेली माणसे त्याला झाडपाला म्हणून हसतात. यांत खरे कोण? असीमाबाईंचे काम पाहता दोघेही अपुरे वाटतात. सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली रुग्णांवरील निरीक्षणांनिशी मांडला, तेव्हा जगाने तो मानला. उलट सातवीण, काडेचिराईत, कुटकी व सागरगोटा यांपासून हिवतापावर औषध तयार झाले. असीमाबाईंचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. परंतु याच चार वनस्पतींचे 'आयुष-६४' हे औषध २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लोरोक्विनपेक्षा बरेच कमी पडले. म्हणजे आजीचा काढा हसण्यावारी नेऊ नये, आणि आजीने सांगितला म्हणून तपासल्यावाचून मानूही नये. घरच्या माणसांना हे सांगणे सोपे नाही. पण आदर आणि परीक्षा यांत विरोध नाही, हे मी या चरित्रातून शिकले.

आणखी एक गोष्ट आपल्या शाखेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एवढी विद्वत्ता असूनही असीमाबाईंनी शाळकरी मुलांसाठी 'सरल माध्यमिक रसायन' हे पुस्तक बंगालीत लिहिले आणि भारतीय वनौषधींवरील बंगाली ग्रंथांचे सहा खंड संपादिले. ज्यांच्या घरातून प्रथमच कोणी कॉलेजची पायरी चढले आहे, त्यांना मातृभाषेतील अशा पुस्तकाचे मोल वेगळे सांगायला नको. आपल्या गावची झाडे, त्यांची स्थानिक नावे व उपयोग जाणत्या माणसांकडून विचारून नीट लिहून ठेवणे, हे काम तर भाषेच्या विद्यार्थ्यांनाही करता येईल. तपासणारे पुढे येतील. पण नोंदच नसेल तर ते तपासणार काय?